तीच विनंती तीन वर्षं: थांबावं, की चालू ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाचं दारूचं व्यसन सुटावं म्हणून तीन वर्षं रोज प्रार्थना चालू आहे, फरक दिसत नाही, शब्द पाठ झाल्यासारखे तोंडातून येतात. वर कुणीतरी सांगितलं की एकदाच विश्वासाने मागावं, पुन्हा पुन्हा मागणं हा अविश्वास.

हे शेवटचं आधी बाजूला करू. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आदल्या घटकेला, येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तय 26:44) स्पष्ट लिहिलं आहे. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’ म्हणजे त्याला छळणारा एक त्रास दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. संदेष्टा एलीयाला तर पाऊस पाडण्याचं वचन आधीच मिळालं होतं (1 राजे 18:1), तरी तो कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोकं घालून बसला आणि त्याने गड्याला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवलं. वचन हातात असतानाही मागणं चालूच होतं. मत्तय 7:7 मधल्या ‘मागा, शोधा, ठोका’ या क्रियापदांचं मूळ ग्रीक रूपही ‘मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा’ असं चालू क्रिया दाखवणारं आहे.

मग मत्तय 6:7 मधल्या व्यर्थ बडबडीचं काय? तिथे दोष पुन्हा मागण्याचा नाही. शब्द वाढवले की देवाला ऐकावंच लागेल, हा समज तिथे खोडला आहे. पुढच्याच वचनात कारण दिलं आहे: तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक असते. त्याला माहिती पुरवायला किंवा त्याचं मन वळवायला आपण बसत नाही, हे एकदा पक्कं झालं की निम्मा थकवा जातो.

लूक 18 मधली न्यायासाठी पुन्हा पुन्हा येणारी विधवा आणि अन्यायी न्यायाधीश हा दाखला नेमका इथेच उलटा वाचला जातो. देव त्या न्यायाधीशासारखा, आपण त्या विधवेसारखे, तेव्हा पिच्छा पुरवायचा, असा अर्थ काढतात. दाखल्याची बांधणी मात्र ‘मग किती विशेषेकरून’ अशी आहे: देवाला न भिणारा, माणसांची पर्वा नसलेला हा माणूस कटकट नको म्हणून न्याय देतो, तर रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या निवडलेल्यांना देव न्याय देणार नाही का? विधवेकडून शिकायचा तो तिचा चिवटपणा. देवाचा स्वभाव न्यायाधीशावरून ठरवायचा नाही. आणि दाखला संपतो तो येशूच्या प्रश्नावर: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल का? म्हणजे पणाला लागलेली गोष्ट आपला टिकाव आहे.

आता रोजच्या व्यवहाराचं. सातत्य तुटण्याचं सर्वांत मोठं कारण अविश्वास नसतं, सुरुवातीलाच घेतलेला अवाजवी नेम असतं. पहाटे एक तास असा संकल्प दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मग अपराधीपणापोटी माणूस प्रार्थनेलाच टाळायला लागतो. 15 मिनिटं घ्या, पण वेळ आणि जागा ठरलेली हवी. दानिएल दिवसातून तीन वेळा, त्याच खिडकीशी, गुडघे टेकत असे; पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ या ख्रिस्ती लेखातही प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. दोन मिनिटं गप्प बसा. मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने, घाई न करता वाचा. त्यानंतर भावासाठीची विनंती एका वाक्यात मांडा. एकाच वाक्यात, कारण लांबवलं की प्रार्थना काळजीत बदलते आणि आपण देवासमोर बसून भावाशी मनातल्या मनात भांडायला लागतो. मग इतर दोन-तीन नावं आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. नावांची यादी मोठी असेल तर वारांप्रमाणे वाटून टाका. रोज चाळीस नावं घेणं म्हणजे हजेरी घेणं.

शब्द पाठ झाल्यासारखे वाटतात तेव्हा स्वतःचे शब्द शोधत बसू नका, स्तोत्रांचे उसने घ्या. स्तोत्र 13 मध्ये ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा येतो. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेवढंही होत नसेल तर रोम 8:26 आहे: काय मागावं हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कोरडेपणा हे विश्वास गेल्याचं लक्षण नाही. लक्ष भरकटलं तर त्या विचाराशी झुंजू नका. कागदावर टिपा आणि परत त्याच ओळीवर या.

एक वही ठेवा: तारीख, विनंती, जे घडलं ते. महिन्यातून एकदाच उघडा. रोज उघडली तर ती हिशेबाची वही होते.

अडथळ्यांकडेही बघा, पण स्वतःला सोलून काढू नका. याकोब 4:3 हेतूबद्दल विचारतो, मार्क 11:25 क्षमेबद्दल. तुमच्या बाबतीत दुसरा प्रश्न खरा असण्याची शक्यता जास्त. व्यसनी माणसाच्या घरच्यांच्या मनात राग साचतोच, आणि क्षमा करणं म्हणजे त्याला पैसे देणं किंवा त्याची बाजू झाकणं नव्हे. यरुशलेमेची तटबंदी पुन्हा बांधताना शत्रूंचा धोका आला, तेव्हा नहेम्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला (नहेम्या 4:9). व्यसनमुक्तीचे उपचार, समुपदेशन हा तुमचा पहारा. ‘प्रार्थना करतोय ना, मग डॉक्टर कशाला’ असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका.

थांबायचं कधी? पौल तीन विनंत्यांनंतर थांबला तो कंटाळून नव्हे, उत्तर मिळालं म्हणून: माझी कृपा तुला पुरे आहे. काटा निघाला नाही. तेव्हा नकारही उत्तर असू शकतो, हे मान्य करूनच मागावं. पण भावाचं व्यसन सुटणं ही मागणी चुकीची ठरवणारं काही घडलेलं नाही, म्हणून माझं मत चालू ठेवावं असंच आहे. विनंतीचा आकार मात्र बदलू शकतो: ‘सुटू दे’ऐवजी ‘आज मदत घ्यायला तयार होऊ दे’. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका मुलाने विश्वासाकडे वळावं म्हणून वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करत होती. त्याचा बाप्तिस्मा 387 साली झाला आणि त्याच वर्षी ती वारली. फळ बघायला तिला काही महिनेच मिळाले.

एकटीने ओढू नका. तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक-दोन विश्वासू व्यक्तींना आठवड्यातून एकदा सोबत घ्या, मात्र भावाचं नाव सगळ्या मंडळीसमोर सांगायच्या आधी त्याच्या अब्रूचा विचार करा. आणि मध्ये चार दिवस खंड पडला तर त्याची भरपाई म्हणून पाचव्या दिवशी तासभर बसू नका. नेहमीची वेळ, नेहमीची 15 मिनिटं.