सांस्कृतिक कार्यक्रमाला लोक येतात, बघून निघून जातात. त्यांचा खरा सहभाग कसा वाढवावा?

बहुतेक वेळा आपण लोकांना फार उशिरा बोलावतो. विषय ठरलेला, कलाकार ठरलेले, पत्रिका छापून तयार, आणि मग म्हणतो, "या, सहभागी व्हा!" तोवर त्यांच्या वाट्याला फक्त खुर्च्या उरतात.

नागरिक सहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसतं कळवणं आणि मत विचारणं या पायऱ्या त्यांनी दिखाऊ सहभागात धरल्या. निर्णयातला वाटा त्याच्या वर सुरू होतो. म्हणून विषय निवडायच्या बैठकीलाच लोकांना बोलवा आणि खर्चाचा कागदही त्यांच्यासमोर ठेवा.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. अन्यायाचा एक छोटा प्रसंग आधी पूर्ण दाखवायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकातलं कुणी "थांबा" म्हणालं की नट जागच्या जागी थांबतात. ती व्यक्ती रंगमंचावर येते, पीडित पात्राची जागा घेते आणि वेगळं वागून बघते. समोरचं पात्र मात्र सहजासहजी नमत नाही. मग दुसरं कुणी उठतं.

सगळ्यांनाच मंचावर यायचं नसतं, हेही लक्षात घ्या. कुणी पडदा शिवेल, कुणी आजीकडून जुनी गाणी ऐकून लिहून आणेल. तोही सहभागच, त्यांची नावंही घ्या. तालमीची वेळ कामावर जाणाऱ्यांना आणि लहान मुलं असणाऱ्या आयांना विचारूनच ठरवा.