मेळघाटात रुजू होण्याआधी: नागपूरहून निघणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मेळघाटात तालुका पातळीवर आरोग्यसेवेची जबाबदारी मिळालीय, अंगणवाड्या आणि आश्रमशाळांशी समन्वयही तुम्हालाच ठेवायचाय आणि पुढच्या सोमवारी नागपूर सोडायचंय. पहिल्या वर्षात नेमकं काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय. मी आरोग्य विभागात तेहतीस वर्षं काढली, त्यातली अकरा त्या सातपुड्याच्या उतारांवर. आता नागपुरातल्या मानेवाड्यात राहतो. उत्तर लांबणार आहे, पण यातलं निम्मं जरी मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर काही मुलं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

आधी माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका आरोग्य केंद्राचा ऑगस्टचा अहवाल आला, बालमृत्यू शून्य. भर पावसातला महिना, तरी शून्य. मासिक बैठकीत मी त्या टीमचं कौतुक केलं. पुढे होळीच्या सुमारास त्याच भागातल्या एका गावात ओट्यावर बसलो होतो, तर एक म्हातारी बोटं मोजत सांगू लागली: त्या घरचं एक, नाल्याकडच्या घरचं एक, माझ्या नातवाच्या पाठचं एक. तिन्ही त्याच पावसातली. परत येऊन रजिस्टर काढलं. दोन बाळं ‘उपजत मृत्यू’, म्हणजे मेलेलीच जन्मली, म्हणून लिहिलेली, तिसऱ्याची कुठंच नोंद नाही. त्यातलं एक बाळ दोन दिवस जगलं होतं, आईचं दूध प्यायलं होतं.

सिस्टरला विचारलं तेव्हा ती रडायला लागली. प्रत्येक बालमृत्यूमागे तिला खुलासा द्यावा लागत असे, कारणे दाखवा नोटीस येत असे, वेतनवाढ रोखण्याची भाषा असे. त्या नोटिसांवर सही माझी होती. ती बाई कामचुकार नव्हती, गुडघाभर पाण्यातून गावोगाव जाणारी होती. बाळ गेल्याचं लिहायची तिला भीती वाटत होती आणि ती भीती मी घातली होती.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच: वाईट बातमी तुमच्यापर्यंत लवकर आणि न घाबरता पोचेल अशी सोय करा, बाकी देखरेख त्यानंतर. मी नियम बदलला. मृत्यू २४ तासांत कळवला तर नोटीस नाही, लपवला तरच. कळवल्यावर आठवड्याच्या आत सिस्टर, आशा आणि अंगणवाडी सेविका यांना घेऊन त्या घरी स्वतः जायचं. बाळ कधी आजारी पडलं, पहिल्यांदा कुणाला सांगितलं, गाडीला फोन लागला का, उपकेंद्राला कुलूप होतं का, एवढंच विचारायचं. दुसऱ्या वर्षी आमचे आकडे वाढले. वरून विचारणा झाली, ती झेलावी लागते. तुम्ही हा बदल करण्याआधीच वरिष्ठांना लेखी कळवून ठेवा, की नोंदणी सुधारल्यामुळे सुरुवातीला संख्या वाढलेली दिसेल. या शतकाच्या सुरुवातीला डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव मोजून दाखवलं होतं, की महाराष्ट्रातले खरे बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मेळघाटातले कुपोषणाचे मृत्यू १९९३ मध्ये राज्यभर गाजले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, तरी ही लपवण्याची सवय पूर्ण गेलेली नाही.

दुसरं, तीन वह्या. आरोग्याची वही सिस्टरकडे, वजनाची आणि आहाराची सेविकेकडे. स्थलांतर, रोजगार आणि आश्रमशाळा यांची माहिती तिसरीकडे, ग्रामपंचायत आणि आदिवासी विकास प्रकल्प यांच्यात वाटलेली. एकच बाळ एका वहीत आईच्या नावाने, दुसऱ्यात बापाच्या नावाने असतं. बारसं उशिरा होतं, तोवर ते ‘बेबी ऑफ’ असतं आणि पुढे त्या नावाचा कुणालाच पत्ता लागत नाही. दर महिन्याला कुठल्याही एका गावात या वह्या एकाच चटईवर उघडा आणि नाव नाव जुळवा. जे मूल एकाच वहीत सापडतं, त्याच्या घरी त्याच दिवशी जा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त धोक्यातली मुलं तीच निघाली.

आता वर्षाचं चक्र. कोरकू, म्हणजे मेळघाटातल्या आदिवासींची कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात, अमरावती-अकोल्याकडे, खंडवा-बऱ्हाणपूरकडे. वीटभट्टी, हरभऱ्याची सोंगणी, बांधकाम. परततात ती होळीला, फगव्यासाठी. तो त्यांचा सगळ्यात मोठा सण. दिवाळीला दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर हिरव्यात, म्हणजे ठीक, असलेलं मूल होळीला लाल पट्टीत, म्हणजे ११.५ सेंमीच्या खाली, परत आलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. त्यामुळे वर्षातल्या दोन तपासण्या कागदावरच्या मोहिमांशी न बांधता या चक्राशी बांधा: एक दिवाळीआधी, एक फगव्याच्या आठवड्यात. सणात कर्मचाऱ्यांना कामाला लावणं जिवावर येतं, मलाही आलं, पण अख्खं गाव घरी असण्याचे दिवस तेवढेच. आणि डिसेंबर लक्षात ठेवा. इथे नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं, मेळघाटावर प्रश्न लागतात आणि तुमच्याकडे माहितीची मागणी येते, नेमकी गावं रिकामी असताना. त्या महिन्यातल्या टक्केवारीवर फार विसंबू नका.

पावसाळ्याची तयारी मेमध्ये संपलेली हवी. जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या प्रत्येक बाईची यादी, तिचं गाव कुठल्या नाल्यापलीकडे आहे आणि गाडी येईपर्यंत तिला कोण घेऊन येणार. आरोग्य केंद्रांतली माहेरघरं, म्हणजे दिवस भरत आलेल्या बायांनी आधीच येऊन राहायच्या खोल्या, याचसाठी आहेत, पण ती रिकामी दिसतील. बाईला अडाणी म्हणू नका. पेरणी तोंडावर असते, घरी दोन वर्षांचं लेकरू असतं, ते कुणाच्या भरवशावर सोडणार? लहान मूल आणि सासू दोघांना सोबत राहू दिलं, तिघांच्या जेवणाची सोय केली, तेव्हा आमच्याकडे बाया राहायला लागल्या.

२०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. ते जेवण ती तिथेच बसून जेवते का, एवढं मात्र स्वतः बघा. डबा घरी गेला की त्याची वाटणी होते आणि तिच्या वाट्याला फार थोडं उरतं.

डंब्याबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा संताप येईल. आईला चारचौघांत बोलू नका, नाहीतर ते घर पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढणार नाही. आधी बाळाचा श्वास मोजा, कारण फुगलेल्या पोटामागे बऱ्याचदा न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग असतो. भूमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला भेटा, त्याच्या घरी जाऊन. लोक आधी त्याच्याकडे जातात हे बदलायला पिढी लागेल. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर त्याच क्षणी पाठव, एवढं मी एका भूमकाला घड्याळ देऊन शिकवलं. त्याने पुढे चार बाळं पाठवली.

आशांना मोठ्या प्रशिक्षणापेक्षा चालू वस्तू हव्या असतात. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीची घरभेट, घरीच बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीचीही. कागदावर सगळ्या भेटी होतात. तुम्ही पिशवी उघडा: थर्मामीटरची बॅटरी आहे का, बाळाचं वजन करायच्या झोळीच्या काट्याचा हूक तुटलाय का. नवजात बाळं जास्त करून पहिल्या आठवड्यात जातात, म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट खरंच झाली का हे आईलाच विचारा.

कोरकू शिकायला लागा. ती मराठीची नाही, गोंडीचीही नाही, संथाळीच्या कुळातली भाषा आहे. दुभाषा पुरुष असेल तर बाई पाळीबद्दल, अंगावरच्या स्रावाबद्दल काहीच सांगत नाही.

माझ्याकडे एक जुनी वही आहे, कुठल्या पावसात कुठला नाला चढतो, त्याने कुठली गावं तुटतात आणि पलीकडे जायला कुठली पायवाट आहे याची. पूल झाल्याने काही नोंदी बदलल्या असतील, त्या तुम्ही दुरुस्त करा. निरोपात पत्ता कळवा, रविवारी संध्याकाळी घरी आणून देतो.