कादंबरीवर मत लिहिताना पान सांग

रामबाग, इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी चारही मतं वाचली. दीड महिन्यात चार कादंबऱ्या, त्याही परीक्षा सांभाळून, म्हणजे वाचनाची भूक खरी आहे. पण एक गोष्ट बघ. ऐतिहासिक कादंबरी ‘खिळवून ठेवते’, रहस्यकथाही ‘खिळवून ठेवते’, पौराणिक कादंबरी ‘अंगावर काटा आणते’ आणि कॉलेजातली प्रेमकथा ‘मनाला भिडते’. वरची नावं अदलाबदल केली तर वाचक मंडळात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पुस्तक संपवून, मिटून, मग लिहायला बसलं की असं होतं. तोवर तपशील निसटलेले असतात आणि हाताशी विशेषणं तेवढी उरतात. मत बनतं ते वाचता वाचता, कुठल्यातरी एका पानावर. ते पान तिथल्या तिथे पकडायला हवं.

त्यासाठी कागदाच्या पट्ट्या कर. वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिल चालवायची नाही, म्हणून जुन्या वहीची पानं घेऊन बोटभर रुंदीच्या वीस पट्ट्या काप आणि पुस्तकाच्या शेवटी ठेव. तीनच कारणांसाठी पट्टी घालायची आणि वर एक अक्षर लिहायचं. वाचता वाचता थांबावंसं वाटलं तर ‘थ’. मागची पानं उलटावी लागली तर ‘म’. आणि नजर पानावरून घसरत खाली गेली, परिच्छेद गाळला गेला, तर ‘ग’. सुंदर वाक्यांसाठी पट्टी घालू नकोस. तीनशे पानांच्या कादंबरीत पंधरा-वीस पट्ट्या होतात. चाळीस झाल्या तर समज की सुविचार गोळा होताहेत.

यातल्या ‘ग’ पट्ट्या सगळ्यांत मोलाच्या, आणि लोक नेमक्या त्याच लपवतात, कारण पान गाळलं हे कबूल करायची लाज वाटते. लोकप्रिय कादंबरीचा प्राण तिच्या वेगात असतो. त्यामुळे वेग कुठे तुटला आणि का तुटला, हे सांगितलं की निम्मं मत तयार झालं. नजर घसरण्याची कारणं साधारण ठरलेली असतात. तोच वाडा, तोच पाऊस, तेच डोळे दुसऱ्यांदा वर्णिलेले असतात. किंवा दोन पात्रं एकमेकांना दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट सांगत बसतात, फक्त वाचकाला कळावी म्हणून. किंवा लेखक पात्राला बाजूला सारून स्वतःच बोलू लागतो. हे तीन वेगळे दोष आहेत. ‘मध्ये जरा रटाळ वाटली’ या एका वाक्यात ते कोंबू नकोस. कुठला दोष, कुठल्या पानावर, ते लिही.

‘म’ पट्ट्या बहुतेक पहिल्या तीस पानांत येतात. तिथे नवी नावं किती आली ते मोज. एकदोन प्रसंगांत डझनभर माणसं आली आणि एकालाही काही सवय, काही काम, काही लकब दिलेली नसली, तर वाचक मागे जाणारच. दोष वाचकाच्या स्मरणशक्तीचा नाही. काळ पुढे-मागे होतो आणि खूण ठेवलेली नसते, तेव्हाही तसंच होतं.

प्रकरणाचा शेवट मुद्दाम तपासायची सवय लाव. उत्सुकतेवर प्रकरण तोडायची पद्धत नवी नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत. वाचकाला पुढच्या अंकापर्यंत थांबायचं असे, म्हणून तोडण्याला अर्थ होता. आजची कादंबरी एकसंध हातात येते. तरी प्रत्येक प्रकरण दारावरच्या थापेवर संपत असेल आणि पुढच्या पानावर दूधवालाच निघत असेल, तर ती उत्सुकता उसनी. पाच प्रकरणांचे शेवट आणि त्यांच्या पुढची पहिली ओळ शेजारी शेजारी लिहून बघ, लगेच कळेल.

पुस्तक संपलं त्याच रात्री, पुस्तक न उघडता, पाच ओळी लिही. मग तीन दिवस हात लावू नकोस. चौथ्या दिवशी आधी आठवेल ते लिही, मग पट्ट्या काढ, मग पहिली दहा आणि शेवटची दहा पानं पुन्हा वाच. तीन दिवसांत ज्याचं नाव विसरलं ते पात्र बहुधा नावापुरतंच होतं. नाव विसरलं पण माणूस आठवतो, तर लेखकाने काम चोख केलंय. प्रस्तावना आणि मलपृष्ठावरचा मजकूर शेवटी वाचायचा. आधी वाचलास तर ते शब्द तुझ्या मतात शिरतात. तुझ्या तिसऱ्या मतात दोन ठिकाणी तसे शिरलेले दिसतात.

आता ऐतिहासिक कादंबरीकडे वळू, कारण मंडळात सगळ्यात जास्त वाद तिच्यावरच होतात. इथे ‘पुढे काय होणार’ हा प्रश्नच नसतो. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे तिच्या प्रत्येक वाचकाला आधीच माहीत होतं. रणजित देसायांची ‘स्वामी’ उघडणाऱ्यालाही थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला वारले हे ठाऊक असतं. म्हणजे ओढ शेवटाची नसते. लेखकाने गोष्ट कुठून सुरू केली, कुणाच्या डोळ्यांनी दाखवली आणि अटळ गोष्टीला क्षणभर टळण्याजोगं कसं केलं, यावर तिचं यश ठरतं. तू लिहिलंस, ‘शेवट आधीच माहीत असल्याने मजा गेली.’ तेवढ्यावर थांबू नकोस. कुठल्या पानापर्यंत गेली नव्हती, ते शोध. तिथेच तुझं मत आहे.

खरं-खोटं तपासताना दोन याद्या कर. पहिलीत तारखा, गावं, नाती, पदव्या. दुसरीत बोलणं आणि वस्तू. पहिलीचा नमुना घरचाच घे. एखाद्या कादंबरीत अहिल्याबाईंचा दरबार इंदूरच्या राजवाड्यात भरलेला असेल तर पट्टी घाल. त्यांचा कारभार, म्हणजे १७६७ पासून १७९५ पर्यंतचा, महेश्वरहून चालला. होळकरांची राजधानी इंदूरला आली ती १८१८ मध्ये, महिदपूरच्या लढाईनंतर आणि मंदसोरच्या तहानंतर. पण चूक सापडली की लगेच लेखकाला झोडपू नकोस. आधी विचार, या बदलाने गोष्टीत काही काम केलं का? दोन माणसं समोरासमोर यावीत म्हणून जागा हलवली असेल तर ती मोकळीक आहे, आणि ती आवडली की नाही हे तू सांगू शकतेस. काहीच काम केलं नसेल तर तो निष्काळजीपणा, आणि तसं स्पष्ट लिहायचं.

दुसऱ्या यादीत लोक फसतात. वस्तू पटकन दिसते, वाक्प्रचार दिसत नाही. अठराव्या शतकातला सरदार ‘आता कुठे गाडी रुळावर आली’ म्हणाला तर वाक्य कानाला बरं लागतं, पण आपल्याकडे पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली मुंबई ते ठाणे धावली. त्याआधी कसले रूळ? उलट बाजूने, दर वाक्यात ‘जी सरकार’ आणि ‘आज्ञा असावी’ पेरलं म्हणजे काळ उभा राहतो असंही नाही. एक सोपी परीक्षा आहे. संवादातून हे सगळे मुजरे काढून टाक आणि उरलेलं वाच. उरलेलं बोलणं आजच्या मालिकेतलं वाटलं, तर जुनेपणा वरून चढवलेला आहे.

पौराणिक कादंबरीत बहुधा पात्रंच आपली गोष्ट सांगतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण बोलतात. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. अशा पुस्तकाला दोन प्रश्न विचारायचे. हा जे सांगतोय ते त्याला कळायचा मार्ग होता का? आणि मथळा झाकून मधलाच परिच्छेद वाचला तर कोण बोलतंय ते ओळखू येतं का? प्रत्येक पात्राचा एक, असे परिच्छेद निवड आणि मैत्रिणीला ओळखायला लाव. निम्मे चुकले तर आवाज एकच आहे, मुखवटे अनेक. हा दोष लिहिलास म्हणून कुणी तुला भक्तिहीन म्हणणार नाही. आणि म्हणालंच तर तो परिच्छेद वाचून दाखव.

याच्या उलट बाजूचा नमुना हवा असेल तर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ याच प्रश्नांसाठी पुन्हा वाच. सांगणारा नववीतला मुलगा, काळ आणीबाणीचा. त्याला जे दिसतं पण पुरतं उमगत नाही ते आपल्याला उमगतं, आणि त्या फरकातच तिची गोडी आहे. तुझ्या प्रेमकथेच्या नायकाला मात्र सगळंच आधी उमगलेलं असतं. ‘काहीतरी कमी आहे’ असं तू म्हटलंस, ते हेच असावं.

रहस्यकथेबद्दल थोडक्यात. गुन्हेगार पहिल्यांदा कुठल्या पानावर भेटतो ते बघ. पुस्तकाचा दोन तृतीयांश भाग उलटून गेल्यावर भेटत असेल तर वाचकाची फसवणूक आहे. कळीचा धागा आधी एकदा तरी दिसला होता का, तेही मागे जाऊन तपास. पण हे सगळं वहीत राहू दे. मतात ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ एवढंही लिहायचं नाही, कारण तेवढ्याने वाचक पहिल्या पानापासून संशय घेत बसतो.

भाषांतर वाचलं असेल तर भाषांतरकाराचं नाव लिही. मूळ मराठी कादंबरी हिंदीतून वाचली असेल, आपल्याकडे असं फार होतं, तर तेही सांग आणि भाषेवर मत देऊ नकोस. कथानकावर खुशाल दे.

लिहिताना सहाशे शब्द पुरेत. मंडळात सावकाश वाचले तर सहा-सात मिनिटं होतात, आणि त्यापलीकडे लोकांचं लक्ष चहाच्या किटलीकडे जातं. त्यातले गोष्टीला दीडशेच्या आत, आणि गोष्टही पहिल्या चतुर्थांशापर्यंतच. तुझ्या पहिल्या मतात साडेचारशे शब्द गोष्टीवर गेलेत. गोष्ट सांगणं सोपं असतं, म्हणून हात तिकडे वळतो. मग मताला जागा उरत नाही आणि विशेषणं धावून येतात. एक ठाम वाक्य आधी लिही, मग त्याच्या पुराव्याला दोन ठिकाणं दे, अवतरण तीन ओळींच्या आत, पानाचा आकडा आणि आवृत्ती सांगून. आवृत्ती यासाठी की नव्या जुळणीत पानं सरकतात. खजूरी बाजारात मिळालेल्या जुन्या प्रतीतलं पान १४० वाचनालयातल्या प्रतीत १२८ असू शकतं, आणि समोरचा म्हणतो तू खोटं सांगतेस. त्याशिवाय एक परिच्छेद असा हवा की, मला नाही आवडली, पण कुणाला आवडेल आणि का.

भाषेबद्दल जरा रागावणार आहे, बेटा. ‘लेखिकेने नायिकेचं दुःख दाखवण्याची पूर्ण चेष्टा केली आहे’ हे तुझं वाक्य. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. तू स्तुती करायला गेलीस आणि लेखिकेवर आरोप झाला! ‘कथानक चांगला लागला’ यात दोन घोळ आहेत. कथानक मराठीत नपुंसकलिंगी, ते कथानक. आणि आपल्या कानाला, जिभेला चांगलं लागतं, कादंबरी आवडते. ‘यातायात’ शब्द तू वाहतुकीसाठी वापरलास, मराठीत तो दगदगीसाठी आहे. हिंदीत परीक्षण म्हणजे चाचणी, मराठीत पुस्तकाचं परीक्षण होतं. आपण इथे दोन्ही भाषांत वाढतो, घरात बोलताना सरमिसळ होते, त्यात वावगं काही नाही. लिहिताना मात्र असे शब्द अर्थच उलटा करतात. मत पुरं झालं की एकदा मोठ्याने वाच आणि ज्या शब्दावर शंका येईल तो शब्दकोशात बघ.

शेवटी तू विचारलंस की पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर बसून लिहिलेलं कोण विचारात घेणार. या गावात साहित्य संमेलन १९१७ ला झालं, १९३५ ला झालं आणि २००१ ला झालं. २००१ च्या अध्यक्ष विजया राजाध्यक्ष, म्हणजे समीक्षाच जिचं काम अशी लेखिका. आणि होळकरांवरची कादंबरी आली की महेश्वरचा घाट पायाखालचा असलेला वाचक तिला जे प्रश्न विचारील ते आपल्यालाच सुचायचे.

चारांपैकी ऐतिहासिक कादंबरीवरचं मत आधी पुन्हा लिही, त्यात जीव आहे. पहिली तीस पानं नावांच्या मोजणीसाठी वाच, मग दोन याद्या कर. प्रेमकथेचं तूर्त राहू दे. पुढच्या रविवारी मंडळाच्या आधी अर्धा तास ये, येताना पट्ट्यांसकट पुस्तक आण.

तुझी,
मावशी