सीलिहॅमच्या पिल्लासाठी वर्षभर का थांबवतात

तुम्ही विचारलंय की ब्रिस्टलला राहतो, दोन लहान मुलं आहेत, सीलिहॅम टेरियर जातीचा कुत्रा घ्यायचाय. पण पैदास करणाऱ्या ज्या तीन ब्रीडरना विचारलं, त्या तिघांनी वर्षभर थांबायला सांगितलं, वर तासभर उलटतपासणी घेतली, हा नखरा आहे का? नखरा नाही. मी साताऱ्याहून लग्न करून वेल्समध्ये पेम्ब्रुकशरला आले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून हीच जात पाळतेय, आणि एवढ्या काळात माझ्याकडे एकूण नऊच वेळा पिल्लं झाली. का, ते सांगते.

ही जात आमच्याच भागातली. हॅवरफर्डवेस्टजवळ सीलिहॅम नावाची इस्टेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या कॅप्टन जॉन एडवर्ड्‌सनी बिळात शिरून बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याला आणि पाणमांजराला भिडेल असा कुत्रा घडवायला घेतला. १८९१ मध्ये ते गेले, तोवर त्यांचं हेच वेड होतं. कोणत्या जातींची सरमिसळ केली, त्याची वही त्यांनी ठेवली नाही. उंची जेमतेम ३१ सेंटिमीटर, वजन मात्र नऊ किलोच्या आसपास. पहिल्यांदा उचलणारा प्रत्येक जण "अगं बाई, केवढा जड!" म्हणतोच. छाती खोल, जबडा रुंद, पाय आखूड आणि भरीव.

हॉलिवूडच्या नटनट्यांनी एके काळी हा कुत्रा मिरवला, सिनेदिग्दर्शक हिचकॉककडेही होते. मग फॅशन ओसरली. २००८ साली अख्ख्या ब्रिटनमध्ये केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे फक्त ४३ पिल्लांची नोंद झाली. त्रेचाळीस! पुढच्याच वर्षी कुत्र्यांच्या मोठ्या प्रदर्शनात, क्रफ्ट्‌समध्ये सीलिहॅमच सर्वश्रेष्ठ ठरला, तेव्हा मी रडले होते. तरीही वर्षाला तीनशेहून कमी नोंदी होणाऱ्या धोक्यातल्या ब्रिटिश जातींच्या यादीत तो आहेच. तेव्हा तुम्हाला वर्षभर थांबवणाऱ्याकडे पिल्लं दडवून ठेवलेली नसतात, ती जन्मलेलीच नसतात.

आता थांबण्याचं दुसरं कारण. माझी पहिली मादी चंद्री. पाच वर्षांची असताना एका सकाळी डावा डोळा मिचकावत, पाणी गाळत बसली होती. मला वाटलं, बागेत उकरताना माती गेली असेल. कोमट पाण्याने पुसत दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी बुबुळ निळसर दिसायला लागलं. डोळ्यातलं भिंग जागेवरून सुटून पुढे सरकलं होतं, आतला दाब वाढला होता, डोळा काढावा लागला. ते दोन दिवस मला अजून छळतात. त्याहून वाईट म्हणजे तिला आधीच चार पिल्लं झाली होती. चारही घरी फोन करून सांगताना घशाला कोरड पडली होती.

हा दोष आनुवंशिक. तेव्हा तो आधी ओळखायचा उपायच नव्हता. आता गालाच्या आतून बोळा फिरवला की डीएनए तपासणी होते. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे एकाच बाजूने दोष आलेले, असतील तर प्रत्येक पिल्लाला बाधा होण्याची शक्यता चारात एक. वाहक आणि निर्दोष अशी जोडी लावली तर तशी दोन्हीकडून दोष आलेली पिल्लं होतच नाहीत. नवे लोक इथे घाई करतात: वाहक दिसला की बाद. इतक्या थोड्या कुत्र्यांत प्रत्येक वाहक काढून टाकला तर उरलेले सगळे चुलत-मावस भावंडं होतील आणि एक दुखणं घालवताना दुसरी चार पोसली जातील. म्हणून चांगला वाहक ठेवायचा, जोडी मात्र निर्दोषाशीच लावायची. त्यासाठी नर कधी स्कॉटलंडमध्ये सापडतो, कधी नेदरलँड्समध्ये. त्यात मादी माजावर येते वर्षातून एकदा-दोनदा. वर्ष असं जातं.

तुम्ही ब्रीडरला दोनच गोष्टी मागा: आईबाप दोघांच्या, डोळ्यांच्या या दोषासाठीच्या डीएनए तपासणीचा कागद आणि आईला पिल्लांसोबत बघायची परवानगी. जो टाळेल त्याच्याकडून घेऊ नका, पिल्लू कितीही गोड असो.

आता उलटतपासणीचं. मुलांशी सीलिहॅमचं छान जमतं, पण हा हट्टी असतो. हाक मारल्यावर आधी विचार करतो, मग येतो. कुंपणाखाली उकरतो. आणि केस. वरचे राठ केस मेले की अंगठा आणि तर्जनीत धरून, वाढीच्या दिशेने थोडे थोडे उपटायचे. पिकलेले असले की सहज येतात, त्याला दुखत नाही. मशीन फिरवलं की केस मऊ पडतात, मग चिखल धरून ठेवतात. मी रेडिओ लावून रोज पाठीचा थोडा थोडा भाग करते.

माझी धाकटी मादी वसंतात माजावर येईल. ती वाहक आहे, तिच्यासाठी निर्दोष नर ठरलाय. त्याआधी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन या. जुने कपडे घालून या, केस उपटायला त्यांनाही बसवते.