पहिली पायरी: हात टेकणं

भावा, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आपल्या गटाच्या मीटिंगला येऊन चार दिवस झाले नाहीत आणि तू बारा पायऱ्यांतल्या शेवटच्या पायरीचं विचारतोयस! थांब. सध्या पहिलीच धर: दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे कबूल करणं.

मला त्यालाच दोन वर्षं लागली. लहानपणापासून संडे स्कूल, घरात रोजची प्रार्थना. मग मी हतबल कसा? तसं म्हणणंच मला अविश्वास वाटायचं. मग बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचला. जे करावंसं वाटतं ते होत नाही, जे नको तेच हातून घडतं, असं खुद्द पौल लिहितो. हतबल म्हणजे जबाबदारी सुटली असं नाही हं. मीटिंगला पाय आपलेच न्यावे लागतात.

नव्या माणसाच्या चुका ठरलेल्या:

- वेदीसमोर आयुष्यभराची शपथ घेणं. आजचा दिवस माग, बस्स.
- फक्त प्रार्थना, मीटिंग नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन गावात ही चळवळ सुरू झाली तीच एक दारुडा दुसऱ्याशी बोलला म्हणून.
- रोज पिणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणं. थरथर, भास, फिट. जिवावर बेतू शकतं. ते उपासानं उतरत नाही.

मीटिंगमध्ये येशूचं नाव न घेता 'उच्चशक्ती' म्हणतात, त्यानं बिचकू नकोस. तू मनात त्याचंच नाव घे.

घसरलास तर पाळकांपासून तोंड लपवशील. मीही लपवलं होतं. पण त्या रात्री स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या तुला सांभाळून घेणाऱ्या जुन्या माणसाला, फोन कर, कितीही वाजलेले असोत.