संमतीचा कायदा आणि घरातली अडचण

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. 26 वर्षांच्या मुलाने चार महिन्यांपूर्वी मानसिक आजाराच्या गोळ्या बंद केल्या, तो खोलीचे दार आतून लावून घेतो, डॉक्टर म्हणतात की त्याची संमती नसेल तर दाखल करता येणार नाही. तेव्हा 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आईवडिलांचे हात बांधले आहेत आणि 1987 चा जुना कायदाच परत आणावा, असे आपण लिहिले आहे. माझा धाकटा भाऊ 1996 पासून स्किझोफ्रेनियाने आजारी आहे. आमच्या आधारगटात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्या अर्थाने मी जवळजवळ तीन दशके शुभंकर आहे आणि भावाला दोन्ही कायद्यांखाली दाखल करण्याची वेळ माझ्यावर येऊन गेली आहे. जुना कायदा परत यावा असे मला वाटत नाही. मात्र आजच्या कायद्यात दुरुस्ती हवी, आणि ती नेमकी कुठे हवी हे मांडण्यासाठी हे उत्तर थोडे लांबवते.

आधी डॉक्टरांच्या उत्तराबद्दल. ते अर्धेच बरोबर आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 (अंमल मे 2018 पासून) याच्या कलम 89 नुसार, रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला 30 दिवसांपर्यंत दाखल करता येते. रुग्णाने कोणाला नेमले नसेल तर हा प्रतिनिधी सामान्यतः नातेवाईकच असतो, म्हणजे इथे आपणच. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायचे असते, आणि तीनपैकी एक गोष्ट आढळावी लागते: त्याने अलीकडे स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली, तो दुसऱ्यावर धावून गेला, किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला इतके जमेनासे झाले की त्यातून त्याला धोका आहे. घरचे लोक पहिल्या दोन गोष्टींचीच वाट पाहत बसतात आणि तिसरी कोणी नीट मांडतच नाही. 2019 मध्ये भाऊ पुन्हा ढासळला तेव्हा मी एका शंभर पानी वहीत रोजची नोंद ठेवत होते: पाच दिवसांत दोन पोळ्या, मधुमेहाची गोळी एकदाही नाही, तीन रात्री झोप नाही, गॅस उघडा राहिला. त्या वहीने जे काम केले ते माझ्या रडण्याने केले नसते. डॉक्टरांनी ती पाने वाचली आणि त्याला तपासल्यावर तिसऱ्या निकषावर बोट ठेवले.

आता जुन्या कायद्याची सोय. 1987 च्या कायद्यातील कलम 19 प्रमाणे नातेवाइकाचा अर्ज आणि दोन वैद्यकीय दाखले असले की रुग्णाला 90 दिवसांपर्यंत ठेवता येत असे. 1998 मध्ये मी तो अर्ज भरला. गल्लीतल्या चौघांनी भावाला जीपमध्ये बसवले, आईच्या जुन्या पातळाने त्याचे हात बांधले होते, आणि मी पुढच्या सीटवर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन मागे न बघता बसले होते. तीन महिन्यांनी तो घरी आला तो पुष्कळ सावरून, पण पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारले, "अर्जावर सही तुझीच होती ना?" त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या हातचा चहा घेतला नाही. उपचार झाले, हे खरेच. पण पुढची गोळी त्याला माझ्याच हातून घ्यायची होती, आणि हा हिशेब त्या कायद्यात कुठे नव्हता.

शिवाय प्रत्येक अर्जदार आपल्यासारखा बाप नसतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्ण निवासाला 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले 28 जण जळून मेले. त्यांतल्या बहुतेकांना तिथे घरच्यांनीच आणून सोडले होते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही केवळ न्यायला कोणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्यांचा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. आमच्या गटातल्या एका बाईंच्या नवऱ्याने त्यांना दाखल केले आणि मग घरच बदलले. फॉर्मवरच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रे परत येत राहिली. कुटुंबाच्या सहीला पुन्हा जुने वजन द्यायचे म्हणताना या बाई माझ्या डोळ्यांपुढे येतात.

तरीही आपली तक्रार खोटी नाही. कलम 89 चे सगळे काम रुग्ण तपासणीला समोर बसल्यावर सुरू होते. दार लावून बसलेल्या मुलाला तिथपर्यंत कोणी न्यायचे, हे कोणावरच टाकलेले नाही. कलम 100 पोलिसांना जबाबदारी देते, पण ती मुख्यतः रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांबाबत. जुन्या कायद्यात दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा जो मार्ग नातेवाइकांना होता तोही गेला. कलम 94 मध्ये तातडीच्या उपचाराची तरतूद आहे: जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने 72 तासांपर्यंत उपचार करू शकतो, तेही घरी येऊन, आणि रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हा त्या उपचाराचाच भाग आहे असे कलमात स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टर असे करू शकतो. करायलाच हवे असे कोणालाही बंधन नाही. माझ्या मते पहिली दुरुस्ती इथेच हवी. घरातून लेखी अर्ज आला की ठरलेल्या मुदतीत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या माणसाने घरी येऊन तपासणी करावी, आणि नेण्याची वेळ आलीच तर प्रशिक्षित माणसे व रुग्णवाहिका द्यावी, असे कर्तव्य कायद्यात लिहिले गेले पाहिजे. ते नाही म्हणूनच खासगी "उचलून नेणाऱ्यां"चा धंदा चालतो आणि आईची पातळे दोरासारखी वापरली जातात.

दुसरी फट पैशांच्या व्यवहारात आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. जुन्या कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयातून पालक किंवा व्यवस्थापक नेमून घेता येत असे. नव्या कायद्याने तो भाग वगळला. नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांबाबत मदत करतो, बँकेत त्याला कोणी ओळखत नाही. परिणामी वडिलांच्या पश्चात मुलाच्या नावे आलेला फ्लॅट किंवा ठेव यासाठी काही कुटुंबांना थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि तालुक्याच्या गावातल्या म्हाताऱ्या आईला ते कसे परवडणार, हे कोणी सांगत नाही. देखरेखीसह मर्यादित अधिकार तालुका किंवा जिल्हा पातळीवर मिळण्याची सोय झाली पाहिजे.

दाखल करण्याविरुद्ध किंवा हक्क डावलल्याबद्दल जिथे दाद मागायची, त्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळांबद्दल थोडक्यात सांगते. जिल्हा न्यायाधीशाच्या किंवा तशाच दर्जाच्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखालील या सहा जणांच्या मंडळावर आजारातून गेलेल्या किंवा शुभंकर असलेल्या व्यक्तींनाही जागा आहे, आणि ही तरतूद मला कायद्यातली सर्वांत शहाणपणाची वाटते. पण मंडळ दुसऱ्या जिल्ह्यात बसत असेल तर दाद मागायला एसटीने जाणार कोण? तीच गत नव्या कायद्यातल्या कलम 19 ची: समाजात राहण्याचा हक्क दिला, पण त्यासाठी लागणाऱ्या निवासी सोयी तुटपुंज्या, त्यामुळे सुट्टीचा कागद मिळाला की भार पुन्हा घरावरच येतो. एकदा तर एका रुग्णालयातून शनिवारी दुपारी फोन आला, "दोन तासांत घेऊन जा," आणि गोळ्यांची चिठ्ठी रखवालदाराकडे ठेवलेली होती. कलम 98 प्रमाणे सुट्टी देताना कुटुंबाशी किंवा प्रतिनिधीशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करायची असते. हे न करणाऱ्या संस्थेवर काही कारवाई झाल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. आपण या आठवड्यात वही सुरू करा, आणि मुलगा येत नसला तरी ती घेऊन स्वतः सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन कलम 89 आणि 94 यांचा नाव घेऊन उल्लेख करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मंडळापुढे जायची वेळ आली तर मुलाच्या वतीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मोफत मिळतो. आणि तो सावरला की त्याच्याकडून आगाऊ निर्देश, म्हणजे पुन्हा ढासळल्यास कोणते उपचार चालतील आणि कोणते नकोत याचा कागद, लिहून घ्या. माझ्या भावाने लिहिलेला कागद एका पानाचा आहे: इंजेक्शन चालेल, बांधू नये, पहिल्या रात्री दिवा मालवू नये, प्रतिनिधी म्हणून ताई. 2019 मध्ये दाखल होताना तो कागद त्याने स्वतः खिशातून काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला होता. कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यांतला एक घराबाहेरचा, पण त्याच्या विश्वासातला असावा.