दुमागेतेला राहायला येण्यापूर्वी

फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावरील दुमागेते शहरामध्ये घर कोठे घ्यावे आणि शाळकरी मुलीसह स्वतःच्या गाडीवाचून भागेल का, असे आपण विचारले आहे. गाडीवाचून उत्तम भागते. मात्र घर सिलिमन विद्यापीठ आणि समुद्राकाठचा रिझाल बुलेवार्ड यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेले सिलिमन विद्यापीठ हा या शहराचा खरा कणा आहे. मोठमोठ्या वृक्षांच्या सावलीतील या संस्थेत शिशुवर्गापासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत सर्व सोय असून तिचे स्वतःचे रुग्णालयही आहे, त्यामुळे मुलीची शाळा आणि घरातील आजारपण या दोन्ही चिंता बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी मिटतात. तरीही गुंतागुंतीच्या उपचारांसाठी येथील लोक शेजारच्या बेटावरील सेबू या मोठ्या शहरात जातात, हे गृहीत धरून आरोग्यविमा घ्यावा.

शहरांतर्गत प्रवास मोटारसायकलला जोडलेल्या तीनचाकीने होतो. तिला येथे पेडिकॅब म्हणतात आणि ती आपल्याकडच्या शेअर रिक्षाप्रमाणे चालते: आपण ठिकाण सांगायचे, चालकाच्या वाटेवर असेल तर तो घेतो, नसेल तर नम्रपणे नकार देतो. मुख्य रस्त्यांपासून दूर राहणाऱ्यांना असे नकार अधिक मिळतात, विशेषतः रात्री आणि पावसात. मध्यवर्ती घराचा मी आग्रह धरतो तो यासाठीच. पत्ता सांगताना रस्त्याच्या नावापेक्षा जवळची खूण अधिक उपयोगी पडते. कॅथेड्रलशेजारचा जुना दगडी घंटामनोरा, जो पूर्वी समुद्री हल्लेखोरांवर नजर ठेवण्यासाठी वापरत, तो प्रत्येक चालकाला ठाऊक असतो.

डोंगरउतारावरील व्हॅलेन्सिया गाव थंड आणि अतिशय देखणे आहे, अनेक परदेशी लोक तेथे राहतात, परंतु रोज शाळेसाठी खाली उतरायचे असल्यास तेथे घर घेऊ नये. बानिका नदीच्या काठचे स्वस्त घरही टाळावे. डिसेंबर २०११ मधील सेंडाँग वादळात या नदीच्या पुराने काठच्या वस्त्यांचे फार मोठे नुकसान केले होते.

विमानतळ लगतच्या सिबुलानमध्ये आहे. सिकिहोर बेटाकडे जाणाऱ्या बोटी शहरातील बंदरातून सुटतात. सेबूला जाण्यासाठी सिबुलानहून सेबू बेटावरील लिलोआनपर्यंतची छोटी फेरीबोट आणि पुढे बस हा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण या फेऱ्या दिवसभर चालू असतात. नेग्रोस बेटावरीलच बाकोलोद शहराकडे सेरेस कंपनीच्या पिवळ्या बसगाड्या जातात. वादळाचा इशारा लागताच तटरक्षक दल बोटी थांबवते, म्हणून सेबूहून पुढचे विमान पकडायचे असेल तर किमान एक दिवस आधी निघावे.

व्हिसाच्या मुदतवाढीसाठी शहरातच इमिग्रेशनचे कार्यालय आहे, पण भारतीय पासपोर्टचे काम मनिलातील दूतावासाकडे असते. तेव्हा आपल्या कुटुंबातील तिघांच्या पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर त्यांचे नूतनीकरण भारतातूनच करून यावे.